‘पैसा पडूनच राहतो, मग कापा’ म्हणणाऱ्यांना

गेले दोन आठवडे एक मेसेज फिरतोय. आमच्या घरच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, गावच्या ग्रुपवर तर तिघांनी टाकला. लांबलचक आहे पण गाभा एवढाच, की जिल्ह्याच्या आरोग्याच्या पैशातून मानसिक आरोग्यावर होणारा खर्च बंद करा, नाहीतर निम्म्यावर आणा. त्यासाठी पाच कारणं दिलीत. एक, हे शहरातल्या श्रीमंतांचे चोचले आहेत, आपल्या आज्या-पणज्यांना कुठे डिप्रेशन होतं. दोन, मंजूर झालेला पैसा तसाही खर्च होत नाही म्हणजे गरजच नाही. तीन, मानसिक आरोग्याची १४४१६ हेल्पलाइन आहे ना, मग जिल्ह्याला वेगळी टीम कशाला. चार, सामाजिक संस्था करतील, आणि ज्याला परवडतं तो प्रायव्हेटला जाईल. पाच, दोन-तीन वर्षं बंद करून बघू, वाचलेल्या पैशात रस्ते होतील.

घरच्या ग्रुपवर ज्या काकांनी हा मेसेज टाकला त्यांच्यावर माझा राग नाही, कोविडमध्ये आम्ही सगळे आजारी होतो तेव्हा त्यांनी रोज दारात डबा आणून ठेवलाय. पण काका, माझा दादा १९ वर्षं स्किझोफ्रेनियाच्या गोळ्यांवर आहे आणि त्या गोळ्या सिव्हिलच्या ज्या खिडकीतून मिळतात ती खिडकी याच पैशावर चालते, त्यामुळे मला हे वाचून पुढे सरकता आलं नाही. एकेक मुद्दा घेते.

‘आज्या-पणज्यांना कुठे होतं हे’

रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ चं आहे, ठाण्याचं १९०१ चं. आपल्या पणज्यांच्याच काळात बांधलीत ती, आणि रिकामी ठेवायला नाही बांधली. त्याच्याही कितीतरी आधी चरकसंहितेत उन्मादावर वेगळा अध्याय आहे. आजार होताच, नाव वेगळं होतं. कोणाला झपाटलं म्हणायचे, कोणाला ‘बाहेरचं’ म्हणायचे, कोणावर करणी केलीय म्हणायचे, आणि बाई असेल तर माहेरी आणून सोडायचे. माझी आजी सांगायची, त्यांच्या आळीत एक बाई बाळंतपणानंतर बोलायचीच बंद झाली आणि पुढची अकरा वर्षं माजघरातच राहिली. तिला काय झालं होतं हे कोणी विचारलंच नाही, म्हणून ते कुठल्या कागदावर आलं नाही.

श्रीमंतांचं म्हणाल तर आकडे आहेत. बंगळुरूच्या निम्हान्स या केंद्र सरकारच्या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, १२ राज्यांत. त्यात महाराष्ट्र नव्हता हे आधीच सांगते. प्रौढांमध्ये साधारण १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. मोठ्या शहरांत प्रमाण जास्त निघालं, १३.५ टक्के, मेसेज लिहिणाऱ्याचं एवढं खरं आहे. पण खेड्यांतही ते ६.९ टक्के होतं, आणि हा दर धरला तर दोन लाख प्रौढ असलेल्या एका तालुक्यात जवळपास १४ हजार माणसं होतात, यातले श्रीमंत किती असतील तुम्हीच सांगा. आणि आजारानुसार ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते, म्हणजे ज्यांना काहीच मिळत नाही अशांची रांग मिळणाऱ्यांपेक्षा कितीतरी लांब आहे. देशातल्या गुन्ह्यांची आणि आत्महत्यांची नोंद ठेवणाऱ्या एनसीआरबीच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात सगळ्यात जास्त आत्महत्या महाराष्ट्रात झाल्या, २२,७४६. दिवसाला ६२ घरं. त्यात शेती करणारे आणि शेतमजूर मिळून ४,२४८. प्रत्येक आत्महत्येमागे मानसिक आजारच असतो असं मी म्हणत नाही, कर्ज असतं, भाव पडलेला असतो, घरातलं काही असतं, पण हे लोक चोचले करत होते असं त्यांच्या दारात जाऊन कोणी म्हणू शकेल का?

‘पैसा खर्चच होत नाही’

हा मुद्दा सगळ्यात पटणारा वाटतो आणि सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं, म्हणून इथे जरा थांबते.

पैसा खर्च होत नाही हे खरं आहे. केंद्राने राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमाला २०१८-१९ मध्ये ५० कोटी ठेवले, पुढच्या वर्षी ते ४० कोटी केले आणि त्या वर्षाच्या सुधारित अंदाजात राहिले ५ कोटी. ४० चे ५. आता यावरून ‘बघा, लागतच नाहीत’ असं म्हणायचं असेल तर आधी जिल्ह्याला मिळणारा पैसा कशासाठी असतो ते बघा. जिल्ह्याचा जो कार्यक्रम आहे, डीएमएचपी म्हणतात त्याला, १९९६ पासून आहे, कर्नाटकात बेल्लारीला आधी करून बघितलं आणि मग देशात आणलं, तर त्यात एका जिल्ह्याला वर्षाला जास्तीत जास्त ८३.२ लाख रुपये ठरलेत. त्यातून काय करायचं, तर एक मनोविकारतज्ज्ञ, एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, एक सोशल वर्कर, नर्स, रेकॉर्ड ठेवणारा माणूस, औषधं, तालुक्याला जाऊन ओपीडी करायला गाडी, पीएचसीतल्या, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांचं आणि आशाताईंचं ट्रेनिंग. म्हणजे या कार्यक्रमात माणसंच मुख्य आहेत. यात एमआरआय मशीन नाही, मोठी बिल्डिंग नाही. माणूस नेमला नाही की पगाराचा पैसा उरला, गाडीला माणूस नाही म्हणून डिझेलचा उरला, डॉक्टरच नाही तर ट्रेनिंग कोण देणार म्हणून तोही उरला.

आणि माणूस का नेमला जात नाही? देशात लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ ०.७५ आहेत, हवेत निदान ३. जे आहेत ते मोठ्या शहरांत. जागा कंत्राटी, ११ महिन्यांची, मानधन ठरलेलं, दर वर्षी ऑर्डर निघेपर्यंत काम आहे की नाही हे त्या पोरांनाच माहीत नसतं. आमच्याकडची सोशल वर्कर ताई, दादा जिच्याशी बोलायचा, कारण दादा कोणाशीही बोलत नाही, तिने तीन वर्षं हे सोसलं आणि मग एका खाजगी शाळेत गेली. मी तिला दोष देणार नाही, तिचंही घर आहे.

हे म्हणजे गावाला टँकर मंजूर करायचा, ड्रायव्हर नेमायचा नाही, आणि मार्चमध्ये लिहायचं की डिझेल उरलं, सबब गावाला तहान नाही. आणि पुढच्या वर्षी टँकरच रद्द. बरं, ज्या वर्षी पैसा कमी येतो त्या वर्षी मानधन वाढवायचा प्रश्नच नसतो, मग अजून एक जण सोडून जातो, मग अजून पैसा उरतो, आणि मग हा मेसेज येतो.

आमच्या घरी काय झालं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या सरकारी दवाखान्यात मनोविकाराच्या डॉक्टरांची जागा पाच महिने रिकामी होती. दादाला दोन गोळ्या आहेत, एक मुख्य आणि एक तिच्यामुळे हात थरथरू नयेत म्हणून. आधी दुसरी संपली, मग पहिली. केसपेपरवर ‘बाहेरून घ्या’. आईने एक महिना घेतल्या. दुसऱ्या महिन्यात तिने आम्हाला न सांगता निम्म्या केल्या, म्हणजे पुरतील, तिला वाटलं काही नाही त्यापेक्षा अर्धी बरी. तिसऱ्या महिन्यात बंद. तो एवढा शांत होता तेव्हा, आम्हाला वाटलं आता बरा झालाय बहुतेक. हे आजार असेच असतात, गोळी थांबली की लगेच काही होत नाही, पण बहुतेकांचा आजार काही आठवड्यांनी-महिन्यांनी उलटतो. दिवाळीच्या आधी त्याची झोप गेली. शेजारच्या टीव्हीतून आपल्याविषयी बोलतायत म्हणायला लागला, आणि वसुबारसेच्या रात्री घरातून निघून गेला. चौथ्या दिवशी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एसटी स्टँडवर सापडला, पायात चप्पल नव्हती, तिथल्या कँटीनवाल्याने त्याला दोन दिवस खायला घातलं होतं. पुढे ३८ दिवस ॲडमिट. त्याआधी तो मावशीच्या गिरणीत रोज चार तास बसायचा, दळण मोजून घ्यायचा, हिशोब चोख असायचा त्याचा. ते काम त्याला अजून परत जमलेलं नाही.

आता खर्चाचंच बोलू. तीन महिन्यांच्या त्या गोळ्यांना सरकारला काहीशे रुपये लागले असते. त्याऐवजी काय लागलं, तर शोधाशोध, पोलिसांचा वेळ, सरकारी रुग्णालयातला एक बेड ३८ दिवस, बाबांची ३८ दिवसांची मजुरी, आणि दादाची गिरणी. गोळ्यांच्या हेडखाली मात्र तेवढे पैसे ‘वाचले’, आणि कुठल्या तरी तक्त्यात तेच अखर्चित म्हणून दिसले असतील.

म्हणून पैसा उरतोय हे कळलं की विचारायचा प्रश्न हा, की जागा कधी भरताय, मानधन किती देताय, हप्ता एप्रिलमध्ये येतो की वर्ष संपत आल्यावर. पैसा उरण्याचं कारण रिकामी खुर्ची असेल तर आधी ती खुर्ची भरा.

‘हेल्पलाइन आहे ना’

टेलि-मानस, म्हणजे हीच हेल्पलाइन, चांगलं काम आहे. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, १४४१६, फुकट, मराठीत बोलता येतं, रात्री दोनला पण. कोणाला गरज असेल तर खरंच लावा, मी स्वतः एकदा लावलाय, आईसाठी. पण फोनवरून महिन्याचं इंजेक्शन देता येत नाही. लिथियम नावाच्या गोळीवर असलेल्या माणसाचं रक्त फोनवरून तपासता येत नाही. अपंगत्वाचं सर्टिफिकेट फोनवर मिळत नाही, आणि ते नसेल तर एसटीची सवलत अडते, पेन्शनचा अर्ज अडतो. शिवाय टेलि-मानसची रचनाच अशी आहे की फोनवर भागत नसेल तर पेशंटला जवळच्या सरकारी सेवेकडे पाठवायचं, म्हणजे जिल्ह्याच्या टीमकडे. ती टीम तुम्ही काढून टाकली तर फोनवरच्या मुलीने पाठवायचं कुठे?

आणि हेल्पलाइनचाही पैसा कमीच होत चाललाय. २०२३-२४ च्या केंद्राच्या बजेटमध्ये तिच्यासाठी १३४ कोटी होते, २०२४-२५ मध्ये ९० कोटी. म्हणजे हेल्पलाइन आहे म्हणून टीम कापा आणि हेल्पलाइनही कापा, असं चाललंय.

‘संस्था करतील, नाहीतर प्रायव्हेट’

महाराष्ट्रात संस्थांनी केलेलं काम मोठंच आहे, त्यात वाद नाही. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून आहे, पुण्यात व्यसनमुक्तीसाठी मुक्तांगण १९८६ पासून, कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा, रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना बरं करून त्यांच्या घरी पोचवणारी, २०१८ मध्ये त्यांना मॅगसेसे मिळालं. पण नकाशा काढून बघा की, ठाणे, पुणे, कर्जत. आमच्या तालुक्यातून सिव्हिलच ६२ किलोमीटर आहे, दादाला दर महिन्याला कर्जतला कोण नेणार. आणि संस्थेवर जबरदस्ती नसते, तिचे देणगीदार थांबले की काम थांबतं. सरकारवर मात्र कायद्याने जबाबदारी आहे, त्याच्यावर खाली येते.

संस्था आणि सरकार एकत्र आले की काय होतं याचे दोन पुरावे आपल्याच आसपासचे आहेत. गोव्यात सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये, डॉक्टर नसलेल्या, मानसशास्त्र न शिकलेल्या साध्या लोकांना ट्रेनिंग देऊन त्यांच्याकडून तीव्र डिप्रेशनच्या पेशंटशी सहा ते आठ भेटींचं समुपदेशन करून घेतलं. तीन महिन्यांनी हे मिळालेल्यांतले ६४ टक्के बरे होते, न मिळालेल्यांतले ३९ टक्के. २०१७ मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दुसरं विदर्भातलं, विश्राम नावाचा प्रकल्प, ३० गावं. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांशी बोलायचं, गरज असेल त्याला डॉक्टरपर्यंत न्यायचं. डिप्रेशन असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ वर गेलं, आणि जीव द्यावासा वाटतो म्हणणाऱ्यांचं ५.२ वरून २.५ वर आलं. मला हे आकडे पाठ आहेत कारण मी ते आईला वाचून दाखवले होते. आता बघा, एकात पीएचसी आहे, दुसऱ्यात शेवटी डॉक्टर आहे. पीएचसीत गोळी नसेल, डॉक्टर नसेल, तर तो गावातला कार्यकर्ता माणसाला समजावून-समजावून नेणार कुठे.

प्रायव्हेटचं थोडक्यात. आमच्याकडे फी ७००, गोळ्या ९००-९५०, जाणं-येणं वेगळं, त्यात २०२३ पासून आईचं तिकीट अर्धं झालंय तेवढीच सोय. हे महिन्याला, आणि आयुष्यभर. विम्याचं म्हणाल तर कायदा सांगतो की मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखाच विमा द्या, पण बहुतेक पॉलिसी ॲडमिट झालात तर पैसे देतात आणि हे उपचार बहुतेक ओपीडीतले असतात. शिवाय बाबा मजुरी करतात, आमच्याकडे पॉलिसीच नाही.

आणि जिथे दवाखाना नसतो तिथे माणसं घरी बसत नाहीत, कुठेतरी जातातच. देवऋषाकडे जातात, दर्ग्यात जातात, मठात जातात. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला अशाच एका ठिकाणी आग लागली, आतली माणसं साखळदंडांनी बांधलेली होती, २८ जण गेले. त्यांना तिथे नेऊन सोडणारे घरचेच होते, आणि त्यातले बहुतेक वाईट नसणार, त्यांच्या गावात खिडकी नव्हती.

‘दोन-तीन वर्षं बंद करून बघू’

हे करून बघितलेलं आहे. शिकागो शहराने २०१२ मध्ये पैसे वाचवायला महापालिकेच्या १२ मानसिक आरोग्य क्लिनिकपैकी ६ बंद केली. तेव्हाही हेच सांगितलं, पेशंट दुसऱ्या क्लिनिकला जातील. पेशंट स्वतः जाऊन क्लिनिकमध्ये ठाण मांडून बसले, पोलिसांनी त्यांना उचललं. तिथल्या कुक काउंटी तुरुंगात मनोरुग्ण कैदी इतके की २०१५ मध्ये तुरुंगाच्या प्रमुखपदी मानसशास्त्रज्ञ नेमली गेली. हे फक्त त्या सहा क्लिनिकमुळे झालं असं नाही, राज्यानेही कात्री लावली होती आणि तुरुंगाचा प्रश्न आधीचा होता, पण क्लिनिक बंद करून तो कमी नक्कीच झाला नाही. आणि बंद केलेल्यांपैकी रोजलँडचं क्लिनिक पुन्हा उघडायला २०२४ उजाडलं. बंद करायला एक बजेट पुरलं, उघडायला १२ वर्षं. म्हणून ‘बंद करून बघू’ हा शब्दच मला घाबरवतो. इथे टीम पांगली की ती सोशल वर्कर ताई परत येत नाही, केसपेपर गहाळ होतात, आणि जे पेशंट येणं बंद करतात त्यांना शोधायला कोणी जात नाही.

रस्त्यांचं, तर ८३ लाखांत किती रस्ता होतो ते आपल्या गावच्या कामाच्या बोर्डावर लिहिलेलं असतं, जाऊन वाचा. रस्ता नको असं मी म्हणत नाही, आमचा रस्ता खराबच आहे, पावसाळ्यात त्याच रस्त्याने दादाला न्यावं लागतं. पण हा पैसा कापला तर तो वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेला २०१६ चा अभ्यास आहे, डिप्रेशन आणि अँग्झायटीच्या उपचारावर घातलेला एक डॉलर चार होऊन परत येतो, कारण माणसं कामाला लागतात. हे आम्हाला अभ्यासाशिवायही माहीत होतं, गिरणीमुळे.

आणि शेवटचं म्हणजे कायदा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू. कलम १८ म्हणतं की सरकारने चालवलेल्या किंवा पैसा दिलेल्या सेवेतून उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, दारिद्र्यरेषेखालच्यांना आणि बेघरांना फुकट, आणि ठरवून दिलेल्या किमान सेवा जिल्ह्यात सरकारकडे नसतील तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा. कलम ३१ म्हणतं दहा वर्षांत पुरेशी तज्ज्ञ माणसं उभी करा, ती मुदत २०२८ ला संपतेय. म्हणजे कापा म्हणणारा मेसेज नुसतं मत मांडत नाहीये, तो सरकारला कायदा मोडायला सांगतोय.

काका, तुमच्याकडे एकच मागणं आहे. सिव्हिलच्या रुग्ण कल्याण समितीत तुमचे ओळखीचे आहेत. त्यांना तीन गोष्टी विचारा. मनोविकार विभागात मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती. मागच्या वर्षीचा पैसा कुठल्या महिन्यात आला. आणि दादाच्या दोन गोळ्या या आठवड्यात स्टॉकमध्ये आहेत का, नावं मी तुम्हाला वेगळी पाठवते. त्याची पुढची तारीख गुरुवारी आहे, आई पहाटे पाचच्या गाडीने निघते.